कालवांची मरतूक: कारण शोधताना या चुका टाळा

खाडीत टांगलेल्या माळांवरची कालवे (ऑयस्टर हे शिंपल्यातले जीव) एकाएकी मरू लागली, की पहिला संशय बहुधा वरच्या अंगाने कुणीतरी पाण्यात काही सोडल्याचा घेतला जातो आणि दुसरा रोगाचा. दोन्ही संशय खरे ठरू शकतात. पण संशयालाच निदान मानून उपाय सुरू केला, तर पैसा जातो, हंगाम हातचा निसटतो आणि मूळ कारण तसेच राहते. कालवाच्या बाबतीत ही चूक अधिक सहज घडते, कारण पाणी बिघडताच ते शिंपले घट्ट मिटून घेते आणि अनेक दिवस तग धरते. मरतूक दिसते त्या दिवशी खाडीचे पाणी कदाचित पूर्ववत झालेलेही असते, आणि त्या दिवशी घेतलेला नमुना निर्दोष निघतो.

अनुभवी माणसेही यात चुकलेली आहेत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील नेटार्ट्स उपसागरावर व्हिस्की क्रीक ही कालव-बीज तयार करणारी हॅचरी आहे. २००७-०८च्या सुमारास तेथे कालवांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात मरू लागल्या, तेव्हा संशय व्हिब्रिओ जिवाणूवर गेला आणि पाणी निर्जंतुक करण्याची खर्चिक व्यवस्था बसवण्यात आली. जिवाणू आटोक्यात आले तरी अळ्या मरतच राहिल्या. पुढे पाण्याच्या रसायनाची मोजणी झाल्यावर कळले, की उन्हाळ्यातील उत्तरेच्या वाऱ्यांमुळे समुद्राचे खोलवरचे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी किनाऱ्याशी वर येत होते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत कवच घडवणाऱ्या अळ्यांना त्या नेहमीपेक्षा आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात ते घडवणे झेपत नव्हते. उपाय मग साधाच निघाला: पाण्याची सतत मोजणी, उपसागरातील वनस्पतींनी दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषून घेतल्यावर दुपारनंतर पाणी भरणे, आणि गरजेप्रमाणे सोडियम कार्बोनेट मिसळणे. या प्रकरणावरील शोधनिबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला.

उलट दिशेची चूक लुइझियानात घडली होती. तेथील कालव-उत्पादकांनी १९४०च्या दशकात मरतुकीचा दोष तेलकंपन्यांवर ठेवून दावे लावले. त्यानिमित्ताने झालेल्या संशोधनातून १९५०मध्ये एका परजीवीचे वर्णन झाले, जो आज पर्किन्सस मरिनस या नावाने ओळखला जातो. तेलखाणींचे पाणी निर्मळ होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. फक्त त्या व्यापक मरतुकीचे मोठे कारण वेगळे होते.

कोकणातील खाड्यांत सर्वांत आधी क्षारता तपासावी, आणि नेमकी तीच वरवर तपासली जाते. पावसाळ्यात गोडे पाणी हलके असल्याने वर पसरते आणि खारे तळाशी राहते. म्हणून होडीतून हात घालून भरलेली बाटली माळेच्या खालच्या टोकाबद्दल काहीच सांगत नाही. भरतीच्या वेळी घेतलेले एकच मोजमाप तर सरळ फसवते, कारण कालवाचा जीव ओहोटी पूर्ण उतरलेली असताना किती वेळ किती गोडे पाणी अंगावर येते यावर अवलंबून असतो. रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजण्याच्या हातातल्या उपकरणाने) वरचे आणि माळेच्या खोलीचे पाणी, भरती-ओहोटी दोन्ही वेळी, आणि उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) व भांग (लहान भरतीचे दिवस) दोन्ही काळांत मोजून वहीत तारखेनिशी लिहावे. खुल्या समुद्राची क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग असते. अतिवृष्टीनंतर खाडीच्या आतल्या भागात ती शून्याजवळही येऊ शकते. अशी मोजणी मरतुकीनंतर सुरू करून फारसा उपयोग होत नाही. ती आधीपासूनच असावी लागते.

दुसरी चूक शिंपल्यांकडे न पाहण्याची आहे. दोन्ही शिंपा बिजागरीशी जोडलेल्या आणि आतून स्वच्छ असतील, तर मृत्यू ताजा आहे. आत बार्नेकल (खडकाला चिकटणारे कवचधारी जीव) किंवा चिखल बसला असेल, तर तो जुना आहे आणि कालच्या पुराचा त्याच्याशी संबंध नाही. नीट गोल भोक असेल तर शिकारी गोगलगाय, कडा फुटलेल्या असतील तर खेकडा, शिंपेच्या आतल्या बाजूला चिखलाचे फोड असतील तर पॉलिडोरा किडा. प्रजननानंतर कालवाचा गर पातळ, पाणचट होतो, हे मात्र रोगाचे लक्षण समजू नये.

प्रयोगशाळेकडे नमुना पाठवताना रिकाम्या शिंपा किंवा सडलेला गर पाठवणे निरर्थक आहे. शिंपा अर्धवट उघडून बसलेली, स्पर्श केल्यावरही नीट न मिटणारी कालवे आणि त्यांच्या शेजारची सुदृढ दिसणारी कालवे, दोन्ही हवीत. ती गोड्या पाण्यात बुडवू नयेत आणि गोठवूही नयेत, कारण गोठवलेल्या ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यास बिघडतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड ठेवावीत, पण बर्फाशी थेट संपर्क टाळावा. संख्याही महत्त्वाची आहे. मोठ्या साठ्यात दर शंभरी दहा कालवांना लागण असेल, तर ती ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी सुमारे ३० कालवे तपासावी लागतात. लागण दर शंभरी दोनच असेल तर सुमारे १५०. चार-पाच कालवे तपासून ‘रोग नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे न तपासण्यासारखेच आहे.

परजीवी सापडला, की त्यानेच मारले, हाही घाईचा तर्क आहे. भारतीय कालवांत पर्किन्सस बेहायेन्सिस या जातीची नोंद झालेली आहे. पण परजीवीचे असणे आणि मरतुकीला तोच कारणीभूत असणे या दोन गोष्टी वेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. त्यासाठी लागण किती तीव्र आहे, ऊतींची हानी दिसते का आणि कालवे मेली त्या जागेवर लागण कालवे जिवंत असलेल्या जागेपेक्षा अधिक आहे का, हे पाहावे. पर्किन्सस मरिनसला उष्ण आणि खारे पाणी मानवते. त्याच्या जातभाईंचा संशय घेताना ऋतूचा हा विचार करावा, आणि जुलै-ऑगस्टच्या पुरानंतरच्या मरतुकीत पहिला संशय गोड्या पाण्याचाच घ्यावा. उघड्या खाडीत प्रतिजैविके टाकणे तर पूर्ण निरुपयोगी आणि अपायकारक आहे.

शेवटी, रिकाम्या झालेल्या माळा भरण्यासाठी दुसऱ्या खाडीतले बीज घाईघाईने आणू नये. जनुकीय अभ्यासानुसार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कालवांचा संहार करणारा हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी हा परजीवी मूळचा पॅसिफिक कालवातला, म्हणजे तेथे बाहेरून आलेला आहे. कारण कळेपर्यंत त्याच खाडीतील बीज वापरावे. बाहेरचे आणायचेच झाले, तर आधी त्याचा नमुना तपासून घ्यावा.