गुत्तेदाराचा विमा नाही अन् कामावरचा माणूस पडला, तर घरमालकानं काय करायचं

मागल्या उन्हाळ्यात लातूरजवळ आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवाल्यांपैकी, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्यांपैकी, एकजण बल्ली (साच्याखालचा लाकडी टेकू) सरकली अन् थेट खाली आला, मांडीचं हाड मोडलं. नंतर बघितलं तर त्या बल्लीच्या बुडाला फळीच नव्हती, दोन अर्ध्या विटा सारून ठेवल्या होत्या. गुत्तेदाराचा, म्हणजे कंत्राटदाराचा, फोन रात्रीपर्यंत बंद. दवाखान्यात "पेशंटसोबत कोण आहे" विचारलं तेव्हा पुढं व्हायला मी एकटाच, अन् त्याची आई बाहेर पायरीवर त्याची सिमेंटनं माखलेली चप्पल मांडीवर घेऊन बसलेली. त्यानंतर वकिलाकडं, कामगार ऑफिसात जे हेलपाटे मारले त्यातून कळलेलं लिहितोय, तुमचं काम चालू होणार असेल तर आत्ताच वाचा.

सगळ्यात आधी हे बघा की माणूस कुणाचा. तुम्हीच मिस्तरी अन् बिगारी हजेरीवर लावले, संध्याकाळी हजेरीचे पैसे तुम्हीच वाटता, तर कायद्यानं मालक, म्हणजे कामावर ठेवणारे, तुम्हीच, अन् भरपाई तुमच्याच अंगावर. गुत्तं देऊन काम केलं तर मालक गुत्तेदार. वरच्या माणसाला, म्हणजे काम देणाऱ्याला जबाबदार धरणारं कलम आहे, पण ते त्याच्या धंद्यासाठीच्या कामाला लागू होतं, त्यामुळं राहत्या घराला शक्यतो लागत नाही, पण गाळे काढून विकायचे, प्लॉटवर घरं बांधून विकायची असं असेल तर लागू शकतं. अन् राहत्या घरातही तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा निघाला, म्हणजे सडक्या बल्ल्या तुम्हीच आणून दिल्या, किंवा छतावरून विजेची लाइन गेलीय हे माहीत असून सांगितलं नाही, तर वेगळा दावा होतो. माणूस दगावला अन् तुमची चूक दिसली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं, 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. लाइन जवळ असेल तर महावितरणला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, अन् लाइन बंद केल्याशिवाय लांब सळया वर चढवू देऊ नका.

भरपाई किती बसते ते ऐका, कारण लोकांना वाटतं पन्नास हजारात मिटतं. 1923 चा कामगार भरपाईचा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण हिशेबाची पद्धत तीच. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे 50 टक्के गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के. 2020 पासून पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. 30 वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98, म्हणजे मृत्यूला 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा, उशीर केला तर 12 टक्के व्याज वर. इतका पैसा आपल्याकडच्या किती लेबर गुत्तेदारांकडं असतो? म्हणून विमा.

गुत्तेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी कामगार भरपाईची पॉलिसी मागा, झेरॉक्स घ्या, तारीख अन् कामाचा पत्ता बघा, कामगार किती लिहिलेत तेही मोजा, कारण आठ जणांची पॉलिसी काढून वीस माणसं चढवतात. नसेल तर काम चालेल तेवढ्या काळाची पॉलिसी काढता येते, हप्ता तुम्ही भरा अन् बिलातून कापा. घराचा जो आगीबिगीचा विमा असतो तो याला चालत नाही. गुत्त्याच्या कागदावर लिहून घ्या की माणसं त्याची, हजेरी तोच देणार, परांची, बल्ल्या, हेल्मेट, पट्टे त्याचे. अन् पैसे त्यालाच द्या, बँकेतून, मजुरांच्या हातात थेट देत बसू नका.

ऊसतोड संपली की बांधकामावर येणारे कितीतरी जण असतात, त्यांच्या नावानं काहीच काढलेलं नसतं. बँकेत खातं असेल तर वर्षाला 20 रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, नोंदणी चालू असलेला माणूस कामावर अपघातात गेला तर वारसाला 5 लाख मिळतात. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचंही विचारा. फॉर्म भरायला एक दिवस मोडला तरी मोडू द्या, मी आता काम चालू करायच्या आधी हेच करतो.

आता अपघात झालाच तर. 108 लावा, पाठीला मार असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. दवाखान्यात खरं सांगा. मला तिथं एकानं हळूच सुचवलं होतं की "घरी जिन्यावरून पडला असं लिहा, पोलिसाचं झंझट नको". तसं लिहिलं असतं तर त्या पोराचा विम्याचा, मंडळाचा सगळा हक्क तिथंच बुडाला असता अन् खोटं पकडलं की मी अडकलो असतो. जागेचे फोटो काढा, बल्ली, फळी काही हलवू नका, त्या दिवशी कोण कोण कामावर होतं त्यांची नावं लिहून ठेवा, पॉलिसी असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा.

अन् मृत्यू झाला असेल तर गावात बसून, सरपंचाला मधे घालून, बाँडवर "दोन लाख घेतले, काही तक्रार नाही" असं मिटवू नका. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडं (नव्या संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हणतात), म्हणजे हे काम बघणाऱ्या कोर्टात, जमा करायची असते. मालकानं परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत, वारसाला दिलेला तीन महिन्यांच्या पगारापर्यंतचा ॲडव्हान्स तेवढा वजा होतो. म्हणजे तुम्ही दोन लाख दिले तरी पूर्ण रक्कम परत भरावी लागते, अन् गेलेल्याच्या बायकोला कमी पैशात गप्प बसवलं ते वेगळंच. कोर्टात जमा केलं की पैसा बायको-लेकरांच्या नावानं वाटून मिळतो, दीर-भाऊ मधे खात नाहीत.

आमचा तो पोरगा चार महिन्यांनी चालायला लागला. दवाखान्याचं बिल मी भरलं, गुत्तेदाराच्या राहिलेल्या बिलातून थोडं कापलं, ते त्यानं कबूल करून सहीही दिली. राहिलेली स्लॅब दुसऱ्या गुत्तेदारानं टाकली, पॉलिसीची झेरॉक्स हातात आल्यावर.