ब्लू फेज सापडत नाहीये? मग या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला लिक्विड क्रिस्टल (द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था) घेतलंय. कोलेस्टेरिल नोनानोएटची स्लाइड हॉट स्टेजवर (मायक्रोस्कोपच्या तापणाऱ्या बैठकीवर) तापवली, गार केली, कोलेस्टेरिक (एकाच अक्षाभोवती पीळ घेतलेल्या रेणूंच्या) अवस्थेचं टेक्श्चर सुरेख दिसलं, पण त्याआधी यायला हवी ती ब्लू फेज नावाची अवस्था काही केल्या दिसेना. पुण्यातल्या कॉलेजांमधून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. बहुतेक वेळा दोष सॅम्पलचा नसतो. ब्लू फेज येऊन गेलेली असते, आपल्याला ती दिसलेली नसते.

घाईने गार करणं

आयसोट्रॉपिक द्रव (रेणूंना ठरावीक दिशा नसलेला साधा द्रव) आणि कोलेस्टेरिक यांच्या मधल्या जेमतेम एका अंशाच्या पट्ट्यात, कधी त्याहूनही कमी जागेत ही फेज असते. नोनानोएटमध्ये हा पट्टा ९१ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. मिनिटाला ५ अंशांनी गार केलंत तर सगळा खेळ दहा-बारा सेकंदांत आटोपतो. शेवटचे दोन अंश मिनिटाला ०.१ अंश या वेगानेच उतरा.

इथे आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट तापमान सतत वर-खाली हलवत ठेवतो. त्यापेक्षा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारा आणि पीआयडी कंट्रोलर (हीटरची ताकद हळूहळू कमी-जास्त करून तापमान स्थिर ठेवणारा) घ्या. सेन्सर हीटरजवळ न लावता स्लाइडला अगदी खेटून लावा. मे महिन्यात जिवावर येतं, पण डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. तासन्‌तास चालणारं कूलिंग गुरुवारी लावू नका, देखभालीसाठी वीज गेली की दिवस वाया जातो.

आणि पुस्तकातल्या तापमानाशी आपलं तापमान जुळवत बसू नका. बाटली जुनी असेल, सॅम्पलमध्ये अशुद्धी असेल, तर आयसोट्रॉपिक बिंदू (पूर्ण द्रव होण्याचं तापमान) खाली सरकतो. आपल्या स्लाइडचा तो बिंदू आधी नोंदवा आणि पुढची सगळी तापमानं त्याच्यापासून मोजा.

फक्त तापवताना पाहणं

काही पदार्थांत ब्लू फेज केवळ गार होतानाच दिसते. शिवाय ब्लू फेजच्या तीन प्रकारांपैकी ब्लू फेज १ बरीच सुपरकूल होते, म्हणजे बदलायच्या तापमानाखालीही तशीच टिकते, त्यामुळे चढतानाची आणि उतरतानाची स्थित्यंतरं वेगवेगळ्या तापमानांना येतात. ही मोजमापाची चूक समजून सरासरी काढू नका, दोन्ही आकडे लिहा.

निळ्या रंगाची वाट पाहणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. १८८८ मध्ये फ्रीड्रिश रायनित्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट गार होताना निळ्या-जांभळ्या छटा दिसल्या होत्या. पण ब्लू फेज लाल किंवा हिरवीही असू शकते. तिच्यात रेणू एकाच अक्षाभोवती पीळ घेत नाहीत. ते दुहेरी पिळाचे दंडगोल बनवतात, हे दंडगोल घनाकृती जाळीत रचले जातात आणि त्यांच्यामध्ये जिथे पीळ जुळत नाही तिथे दोषरेषा राहतात. जाळीची बाजू काहीशे नॅनोमीटरची असल्यामुळे ब्रॅग परावर्तन (जाळीच्या समांतर थरांवरून ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत येणं) दृश्य प्रकाशात येतं.

समजा ब्लू फेज १ ची जाळी ३०० नॅनोमीटरची आहे आणि अपवर्तनांक १.५. मग ११० प्रतलांवरून (हे आकडे जाळीतल्या थरांची दिशा सांगतात) सुमारे ६३६ नॅनोमीटरचा लाल, तर २०० प्रतलांवरून ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश परत येतो. म्हणजे एकाच स्लाइडवर शेजारीशेजारी लाल आणि निळ्या चकत्या दिसल्या, तरी फेज एकच असू शकते. फक्त स्फटिकांची दिशा वेगळी.

स्पेक्ट्रोमीटर लावणारेही फसतात. ब्लू फेज १ अंतःकेंद्रित (बॉडी-सेंटर्ड) घन आहे, ब्लू फेज २ साधी घन. पण पहिल्या दोन शिखरांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर दोन्हींत २ चं वर्गमूळच येतं! तेवढ्यावर निकाल देऊ नका. गार करताना शिखर लालकडे सरकत गेलं तर ब्लू फेज १ ची शक्यता बळावते. खात्री करायची तर कोसेल आकृती (जाळीची सममिती दाखवणारी विवर्तन आकृती) घ्या.

अंधार म्हणजे आयसोट्रॉपिक, असं धरून चालणं

घन रचनेला द्विअपवर्तन (दिशेनुसार वेगळा अपवर्तनांक) नसतं, त्यामुळे क्रॉस्ड, म्हणजे एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या, पोलरॉइडमध्ये पारगामी प्रकाशात ही फेज फारच मंद दिसते. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवा, शक्यतो परावर्तित प्रकाशात पाहा. स्लाइड फिरवून उजेड बदलला नाही, पण अॅनालायझर (स्लाइडनंतरचा पोलरॉइड) थोडा फिरवल्यावर बदलला, तर प्रकाशाचं प्रतल वळतंय का ते तपासा. ब्लू फेज ३ मध्ये जाळीच नसते, धुकट छटा तेवढी असते. तिला तर हमखास द्रव समजून सोडून दिलं जातं.

डीएससीवर सगळा भार टाकणं

डीएससी हे तापवताना-गार करताना सॅम्पलने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणारं यंत्र. पण ब्लू फेजांच्या आपसातल्या स्थित्यंतरांची सुप्त उष्णता फारच थोडी असते. मिनिटाला १० अंशांवर ती शिखरं शेजारच्या मोठ्या शिखरात बुडून जातात. वेग कमी करा, आणि डीएससीत दिसलं नाही म्हणून मायक्रोस्कोपखाली दिसलेलं खोडू नका.

यूव्ही दिव्याची उष्णता विसरणं

२००२ मध्ये किकुची आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या आधाराने ब्लू फेजचा पट्टा ६० अंशांहून जास्त रुंद केला. तो प्रयोग करून पाहायचा असेल तर सॅम्पल ब्लू फेज १ मध्ये असतानाच त्यातल्या मोनोमरचे (पॉलिमर बनवणाऱ्या लहान रेणूंचे) यूव्ही प्रकाशाने पॉलिमर बनले पाहिजे. दिवा लागताच सॅम्पल अर्धा अंश जरी तापलं तरी ते द्रवात जाऊ शकतं, आणि मग पॉलिमर द्रवातच घट्ट होतो. प्रकाशाची तीव्रता कमी ठेवा, दिवा आणि स्लाइड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा फिल्टर लावा आणि क्युअरिंग चालू असताना चकत्यांचा रंग टिकतोय का यावर नजर ठेवा.