उपग्रहाच्या पीकनकाशासाठी वावरातून नोंदी घेताना

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या सगळ्यात बारीक चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 बाय 10 मीटरचा असतो. त्यामुळे धुऱ्यावरून घेतलेली नोंद वाया जाते; ठिपक्यात अर्धी कपाशी, अर्धं शेजारचं सोयाबीन येतं. धुऱ्यापासून 20-25 मीटर आत जा. विहीर, झाड, गोठा टाळा. जीपीएस लावून मिनिटभर थांबा आणि अचूकता 5 मीटरच्या आत आली की नोंद करा. नकाशा घरूनच उतरवून घ्या, शिवारात नेटवर्कचा भरवसा नाही.

आंतरपीक असेल तर नुसतं ‘कपाशी’ लिहू नका. कपाशीचे किती तास (ओळी) आणि तुरीचे किती, ते लिहा. कपाशीनंतरही तूर उभी राहते, त्यामुळे डिसेंबरातली हिरवळ संगणकाच्या वर्गीकरणाला (कुठलं पीक ते ओळखण्याला) फसवते.

जुलै-ऑगस्टात ढगांमुळे चित्रं बहुधा निकामी. तेव्हा ढगांतूनही पाहणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार वापरा. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडतं, कपाशी हिरवी असते. फरक तेव्हाच सगळ्यात स्पष्ट दिसतो.

फक्त डांबरी रस्त्यालगतची वावरं घेण्याचा मोह आवरा. नकाशाच्या पडताळणीसाठी काही गावं पूर्ण बाजूला ठेवा. एकाच वावरातले बिंदू नकाशा बनवायला आणि पडताळणीला असे दोन्हीकडे वाटले तर नकाशाची अचूकता खोटीच फुगते.