पावसाळ्यापूर्वीचा सल्ला : हलक्या मालासाठी ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरची बकेट कशी निवडावी

रोहिणी नक्षत्र लागले की खताच्या उकिरड्यापासून रोपवाटिकेच्या आवारापर्यंत सगळीकडे उचल सुरू होते. शेणखत कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी रानात पसरायचे असते. उरुळी कांचनसारख्या भागातील रोपवाटिकांना पिशव्या भरण्यासाठी कोकोपीट, भाताचे तूस, पालापाचोळ्याचे खत आणि तांबडी माती यांचे मिश्रण हाताशी हवे असते. आणि १ ते ७ जुलैच्या वनमहोत्सवाची व बगीच्यांच्या कंत्राटांची मागणीही याच सुमारास येऊन पडते. टोपल्या-घमेल्यांनी हे काम उरकेल इतके मजूर आता मिळत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या, माल उचलून टाकणाऱ्या लोडरसाठी मोठी बकेट घेण्याचा विचार बरेच शेतकरी मे महिन्यात करतात. विचार योग्य आहे, पण बकेट किती मोठी असावी हे विक्रेत्याच्या अंगणात उभे राहून ठरवू नये. ते आपल्या ढिगाजवळ ठरते.

लोडरसोबत येणारी नेहमीची बकेट माती, मुरूम आणि खडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. तिच्यात ओली माती भरली की लोडरची ताकद जवळपास पुरी वापरली जाते, परंतु तीच बकेट भाताच्या तुसाने भरली तर लोडरला काही उचलल्यासारखेही वाटत नाही आणि फेऱ्या मात्र तितक्याच होतात. पाव घनमीटरची बकेट काठोकाठ भरून एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, माल ट्रॉलीत टाकायला ११ ते १२ खेपा लागतात. अर्ध्या घनमीटरची असेल तर सहा. डिझेल, क्लच आणि चालकाचा दिवस यांचा हिशेब धरला, तर हलक्या मालासाठी उंच पाठीची, खोल पोटाची वेगळी बकेट घेण्यात शहाणपणच आहे.

अडचण अशी की आपला ‘हलका’ माल वर्षभर हलका राहत नाही. वैशाखात वाळून भुगा झालेले शेणखत वळवाच्या दोन सरींनंतर कितीतरी जड होते, आणि कोकोपीटचे तर काही विचारूच नये. पाच किलोची वडी पाण्यात फुगवली की तिचे साधारण ७० ते ७५ लिटर कोकोपीट होते, पण त्यात वडीच्या चार-पाच पट पाणी मुरलेले असते. म्हणून वजन पुस्तकातून न घेता स्वतः काढावे, आणि ते काढणे अगदी सोपे आहे. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्यावी, ढिगाच्या वरच्या सुक्या थरातून न भरता फावड्याने आत खणून ओलसर माल घ्यावा, तो बादलीत न दाबता काठापर्यंत भरून वर फळी फिरवावी, आणि दुकानातल्या किंवा दूध संकलनाच्या काट्यावर बादली ठेवून रिकाम्या बादलीचे वजन वजा करावे. जो आकडा उरेल त्याला ५० ने गुणले की एका घनमीटरचे वजन किलोमध्ये मिळते. सुके तूस दोन किलोच्या आसपास भरते, फुगवलेले कोकोपीट सात-आठ किलो, अर्धवट ओले शेणखत १२ ते १६ किलो, तर ओली माती ३२ ते ३६ किलो. त्याच बादलीच्या एका कडीला हात घालून तूस उचलावे आणि मग माती उचलावी, म्हणजे एकच बकेट दोन्ही मालांना का चालत नाही हे सांगावे लागत नाही.

आता लोडरकडे वळू. माहितीपत्रकावर छापलेला उचल क्षमतेचा मोठा आकडा बहुधा लोडरच्या बाहूला बकेट जिथे जोडतात त्या पिनेजवळचा असतो. माल पिनेजवळ नसून तिच्या पुढे, बकेटीच्या पोटात असतो, त्यामुळे पूर्ण उंचीवर आणि बकेटीच्या मध्यावर किती वजन उचलले जाते हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. त्यातून बकेटीचे स्वतःचे वजन वजा करावे, आणि उरलेल्यातील पाचवा हिस्सा राखून ठेवावा, कारण खड्ड्यात चाक गेले की भरलेल्या बकेटीचा हिसका स्थिर वजनापेक्षा बराच जास्त बसतो. उदाहरणादाखल, मध्यावरची क्षमता ७०० किलो आणि बकेट २०० किलोची असेल तर हाती ५०० राहतात, आणि राखीव सोडून कामाचे ४००. अर्ध्या घनमीटरच्या बकेटीत घनमीटरला ८०० किलो भरणारे ओले शेणखत नेमके तेवढे होते. कोकोपीट २०० किलोवर थांबते. पण ओली माती साडेआठशेच्या घरात जाते. हा सगळा हिशेब काठोकाठ मापाचा आहे. शीग लावून भरण्याची सवय असेल तर त्यात आणखी भर पडते, आणि शीग न लावणारा चालक आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

यावरून आमचे मत असे की ज्याच्याकडे एकच ट्रॅक्टर आणि एकच लोडर आहे, त्याने नेहमीच्या बकेटीच्या दीडपटीहून मोठी बकेट घेऊ नये आणि ती आपल्याकडच्या सर्वांत जड, ओल्या मालावर तपासून घ्यावी. दुप्पट-तिप्पट मापाची बकेट ज्याच्याकडे दररोज तूस, भुसा किंवा कोकोपीटच हलते त्या रोपवाटिकेला शोभते, आणि तिथेही मातीसाठी जुनी लहान बकेट मोडीत न काढता बाजूला ठेवावी. एका रोपवाटिकेत मोठी बकेट नवी असताना आम्ही हजर होतो. सकाळभर कोकोपीट उत्तम हलले, दुपारी वळीव झाला, आणि संध्याकाळी चालकाने त्याच बकेटीने तांबड्या मातीच्या ढिगाला तोंड लावले. बकेट छातीच्या उंचीवर जाताच मागची चाके वीतभर उचलली गेली आणि मागून हाका सुरू झाल्या. चालक जुना होता; त्याने न घाबरता लिव्हर हळू सोडून बकेट खाली टेकवली. दुसऱ्या दिवशी बकेटीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘माती भरू नये’ असे लिहिले गेले, आणि ते लिहिणे प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावे.

आकार पाहताना बहुतेकांचे लक्ष रुंदीकडे जाते, पण फसगत होते ती खोलीत. बकेटीची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरच्या मापाइतकी किंवा बोटभर जास्त असली की पुरे, म्हणजे ढिगात शिरताना चाके मालावर चढत नाहीत. शेडनेटचे दार आणि वाफ्यांमधला रस्ता मात्र टेपने मोजून घ्यावा. खोली वाढली की दोन गोष्टी घडतात. मालाचा मध्य पुढे सरकतो आणि उचल घटते, हे वर आलेच. दुसरे असे की ४५ अंशांत रिकामी करताना लांब तळाचे पाते, म्हणजे तळाची पुढची धारेची कड, अधिक खाली लोंबते. तळ २० सेंटीमीटरने लांब असेल तर पाते सुमारे १४ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा फूट, खाली येते. जुन्या बकेटीने आरामात भरणाऱ्या ट्रॉलीच्या फळक्याला नवी बकेट धडकते ती यामुळेच. जमिनीपासून फळक्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजून, त्यात किमान एक फूट मिळवून, तेवढ्या उंचीवर बकेट पूर्ण उलटी होते की नाही हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. पाठ उंच असेल तर माल मागे, बॉनेटवर सांडत नाही, परंतु चालकाला पात्याची कड दिसेनाशी होते. पाठीच्या वरच्या भागात जाळी किंवा गजांची चौकट असलेली बकेट या दृष्टीने बरी पडते.

हलक्या मालाला दात नकोत. दातांनी ताडपत्री फाटते, तणरोधक कापड उसवते आणि कोब्यावर चरे पडतात. सरळ पाते घ्यावे, तेही बोल्टने बसवलेले आणि झिजल्यावर उलटून लावता येणारे. उसाचे पाचट किंवा लांब काडीचे, न कुजलेले खत हलवायचे असेल तर मात्र बकेटीचा नादच सोडावा. असा माल बकेटीत शिरत नाही, पुढे ढकलला जातो, आणि त्यासाठी वरून दाबणारा पंजा असलेला काट्यांचा जोडच लागतो.

गावोगावच्या वर्कशॉपमध्ये जुन्या बकेटीच्या कडेला पत्रा वेल्ड करून तिचे माप वाढवून देतात. खर्च कमी येतो आणि काम वाईट असते असेही नाही, पण कायमचा वेल्ड केलेला पत्रा माती भरतानाही जागेवरच राहतो. त्याऐवजी पाठीला आणि दोन्ही बाजूंना बोल्टने बसणाऱ्या फळ्या करून घ्याव्यात, म्हणजे मोसम संपला की त्या काढून ठेवता येतात.

बकेट मोठी झाली की मागचे वजनही वाढवावे लागते. थ्री पॉइंटवर, म्हणजे अवजारे अडकवण्याच्या मागच्या जोडणीवर, काँक्रीटचा ठोकळा किंवा वजनाची पेटी असावी. बरेच जण रोटाव्हेटर अडकवून ठेवतात, ते वजनाला चालते, पण वळताना मागचा पसारा रोपांच्या ओळींवरून फिरतो हे ध्यानात ठेवावे. फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरची पुढची अरुंद चाके भुसभुशीत, ओल्या जमिनीत लवकर रुततात आणि स्टिअरिंग जड होते, म्हणून शक्य असेल तिथे लोडर चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरवरच बसवावा. पुढच्या टायरांतील हवा लोडरसाठी पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी.

भरलेली बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवूनच चालावे, आणि चढावर सरळ तर उतारावर मागे घेत यावे, जेणेकरून वजनाची बाजू नेहमी चढाकडे राहील. आवारातून जाणाऱ्या विजेच्या तारा उन्हाळ्यात अधिक लोंबतात. त्यांच्याखाली बकेट उचलू नये. आंबे उतरवायला किंवा फांदी तोडायला माणूस बकेटीत उभा करण्याची पद्धत अनेक बागांत दिसते. हायड्रॉलिकचा एक पाइप फुटला तर तो माणूस कुठे पडेल, एवढे पाहून ती बंद करावी. सुका भुसा, तूस आणि कोकोपीटची धूळ रेडिएटरच्या जाळीत गच्च बसते आणि गरम सायलेन्सरजवळ साचून पेटूही शकते, म्हणून दिवसातून दोनदा ब्रशने ती झाडून काढावी.

उचल संपली की बकेट त्याच दिवशी धुवावी, कारण शेणखत आणि युरियाचे अंश ओल्या पत्र्याला फार लवकर गंज चढवतात. पिना आणि बुश यांत ग्रीस भरावे, पात्याला जुने ऑइल लावावे, आणि बकेट सुटी करून ठेवायची असेल तर दोन लाकडी ओंडक्यांवर तोंड जमिनीकडे करून ठेवावी, म्हणजे चार महिन्यांचे पावसाचे पाणी तिच्यात साचणार नाही.