कोड रिव्ह्यू करताना माणसाचे भान कसे ठेवावे

कोड रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेला कोड सहकाऱ्याने वाचून तपासणे. मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीतील कोड तपासणीची पद्धत मांडतानाच बजावले होते की, तपासणीचे निष्कर्ष प्रोग्रॅमरच्या कामगिरीचे मोजमाप म्हणून वापरू नयेत. ही अट सर्वांत आधी पाळावी. पगारवाढ चुकांच्या संख्येवर ठरते असे एकदा वाटले की माणूस अडचणीचा कोड दाखवायलाच टाळाटाळ करतो.

त्यानंतर शब्दांकडे वळावे. ‘हे असे का केले?’ हा प्रश्न लिहिणाऱ्याला साधा वाटतो, पण वाचणाऱ्याला तो जाब विचारल्यासारखा लागतो. त्याऐवजी ‘यादी रिकामी असेल तर या ओळीवर प्रोग्रॅम थांबेल असे वाटते, आधी तशी तपासणी घालावी का?’ असे लिहिल्यास बोट माणसाकडे न जाता ओळीकडे जाते आणि दुरुस्तीही लगेच कळते. मोकळ्या जागा, कंस वगैरे बाबी लिंटरवर, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या साधनावर, सोपवाव्यात.

सर्वांत नाजूक भाग ज्येष्ठतेच्या दबावाचा. ज्येष्ठाचा कोड नवखा सहकारी पाहतो, तेव्हा न समजलेली ओळसुद्धा तो संकोचापोटी मंजूर करून टाकतो. म्हणून ज्येष्ठानेच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत, ‘कॅशे रिकामी करण्याच्या क्रमाबद्दल माझी खात्री नाही, तो जरूर पाहा’ असे लिहून शंकेला वाट करून द्यावी. माझ्या मते याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

बदल लहान ठेवावा, कारण हजार ओळी पाहून थकलेला माणूस केवळ विश्वासावर मंजुरी देतो. एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा उत्तर द्यावे लागले, तर लिहिणे थांबवून प्रत्यक्ष बोलावे आणि ठरलेला निर्णय रिव्ह्यूमध्ये नोंदवावा.