आधारची प्रत देण्यापूर्वी

काही महिन्यांपूर्वी मी एका झेरॉक्सच्या दुकानात थांबले होते. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर अनोळखी माणसांची आधार कार्डे एकाखाली एक दिसत होती. माणसे प्रिंट घेऊन निघून गेली होती, फाइली मात्र तिथेच राहिल्या होत्या. तेव्हापासून मी पूर्ण क्रमांकाची प्रत गरज नसताना कोणालाही देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधील, खासगी कंपन्यांना करारापोटी आधार वापरू देणारा भागही रद्द झाला. त्यामुळे हॉटेलात किंवा भाडेकराराच्या वेळी ओळखपत्र मागितले, तर आधी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करावे.

आधारच द्यायचे ठरले, तर ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात बारा अंकांपैकी शेवटचे चारच दिसतात. ‘मायआधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून प्रवेश करावा, ‘डाउनलोड आधार’ निवडावे आणि मास्क्ड आधार हवे का, असे विचारणाऱ्या चौकटीवर खूण करावी. ही खूण राहून गेली, तर पूर्ण क्रमांकाचीच फाइल उतरते. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यांना जोडून जन्मवर्ष. हा पासवर्ड कोणालाही ओळखता येण्याजोगा असल्याने केवळ त्याच्या भरवशावर फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नये. पाठवावीच लागली, तर प्रिंट हाती येताच ती त्याच्यासमोर चॅटमधून आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधूनही पुसून घ्यावी. संकोच वाटतो, पण मागितले तर बहुतेक दुकानदार पुसून देतात.

कागदी प्रतीवर कारण, कोणासाठी दिली ते आणि तारीख पेनने लिहावी. हा मजकूर समासात न लिहिता छापील अक्षरांना छेदून तिरका लिहावा, कारण समासातली ओळ झेरॉक्स काढताना सहज झाकता येते.

क्रमांकापेक्षाही अंगठ्याचा ठसा मला अधिक जपण्यासारखा वाटतो. आधारशी जोडलेल्या खात्यातून आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर, ओटीपीशिवाय, पैसे काढता येतात. म्हणूनच कागदपत्रांवरचे ठसे चोरून त्यांच्या नकला करणाऱ्या टोळ्या निघाल्या. यावर उपाय म्हणजे ‘मायआधार’वरचीच बायोमेट्रिक लॉकची, म्हणजे बोटाच्या ठशाने होणारी पडताळणी बंद ठेवण्याची सोय. गावाकडे ज्या वडीलधाऱ्यांची पेन्शन किंवा रेशन अंगठ्यावर मिळते, त्यांना लॉक उघडायचे कसे, हे आधी शिकवावे आणि मगच ते लावून द्यावे.

तिथेच आधार-पडताळणीचा मागील सहा महिन्यांचा इतिहासही पाहता येतो. त्यात आपण न केलेली पडताळणी आढळली, तर आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर कळवावे. खात्यातून पैसेच गेले असतील, तर बँकेला कळवून लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.