तांब्या-पितळेचा रेडिएटर गळतो तेव्हा डाग (सोल्डर) कसा द्यायचा

आधी रेडिएटर कशाचा आहे ते पाहा. टाकीच्या कोपऱ्यावरचा काळा रंग चाकूने थोडा खरवडा. खाली पिवळं पितळ आणि जाळीला तांबूस झाक दिसली तर काम हातचं आहे. जुन्या जीप, ॲम्बॅसेडर आणि जुन्या ट्रॅक्टरांत हाच रेडिएटर असतो. टाकी प्लॅस्टिकची आणि जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र त्यावर हा डाग धरत नाही.

गाडी पूर्ण थंड झाल्याशिवाय कॅप उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. खालच्या तोटीतून पाणी घमेल्यात काढा, जमिनीवर सोडू नका. त्यात मिसळलेलं कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू ते चाटायला येतंच. दोन्ही हौजपाइप, पंख्याचं कव्हर आणि बाजूचे बोल्ट काढून रेडिएटर बाहेर घ्या. बोल्टाखालचे रबर कुठले कुठे होते ते लक्षात ठेवा. ते झिजले असतील तर नवे टाका. कच्च्या रस्त्यावरचा हादरा सरळ टाकीला बसतो आणि शिवण तिथेच उकलते.

जाळीत कापसाचा तंतू आणि सोयाबीनचा भुसा बसलेला असतो. तो इंजिनच्या बाजूकडून पाण्याने उलटा धुऊन काढा. धार फार जोराची नको, पाती वाकतात.

आता गळती शोधायची. पांढरट-हिरवी पपडी जिथे दिसते तिथे संशय धरा, पण भरवसा पाण्यातल्या बुडबुड्यावरच ठेवा. मोठ्या नळीच्या तोंडांना रबरी बूच बसवून क्लॅम्प आवळा. एका बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. रेडिएटर उभ्या कापलेल्या ड्रममध्ये बुडवून पंपाने हवा भरा. गुरांच्या हौदात हे करू नका. दाब किती द्यायचा ते कॅपवर लिहिलेलं असतं. जुन्या गाड्यांना ४ किंवा ७ पीएसआय असतो, ०.९ (बार) लिहिलं असेल तर साधारण १३ पीएसआय. त्यापुढे गेलात तर चांगली शिवणही फाटेल. बुडबुडा निघतो तिथे खिळ्याने खूण करा. खडूची खूण पाण्यात जाते.

डाग न धरण्याचं पहिलं कारण म्हणजे आत उरलेलं पाणी. थेंबभर पाणी असेपर्यंत ती जागा १०० अंशांच्या वर चढत नाही आणि शिसं-कथील १८३ अंशांच्या खाली वितळतच नाही. म्हणून रेडिएटर उलटा-सुलटा करून निथळवा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. विदर्भातल्या मे महिन्यात हे एका दुपारचं काम आहे, पावसाळ्यात दोन दिवस लागतात.

दुसरं कारण मळ. गळक्या जागेभोवती बोटभर पट्टा वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घासा, पितळ नव्या तांब्यासारखं लख्ख दिसेपर्यंत. आधी कोणी एम-सील लावलं असेल तर ते कणभरही ठेवू नका. मग मारलेलं तेजाब लावा. मिठाच्या तेजाबात (हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये) जस्ताचे तुकडे थोडे थोडे टाकायचे आणि फसफसणं थांबलं की ते मेलं समजायचं. त्यातून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून हे उघड्यावर करा, बिडी विझवून, डोळ्यांवर चष्मा लावून. रेडिओ दुरुस्तीच्या बारीक तारेतलं राळ इथे कमी पडतं.

डागाची कांडी ४० भाग कथील, ६० भाग शिसं अशी घ्या. एका भोकाला २०-३० ग्रॅम पुरतं, अख्खी शिवण काढायची तर पाव किलो जवळ असू द्या. सोल्डरिंग आयर्न तांब्याच्या जड टोकाचं हवं. विजेचा भरवसा नसेल तर कोळशाच्या शेगडीत तापवायचं बरं. टोक लालबुंद होऊ देऊ नका, त्यावरची कल्हई जळते. तापलेलं टोक नवसागरावर फिरवलं की साफ होतं. वेल्डिंगच्या गॅसची ज्योत इथे आणू नका, शेजारचे सांधे सुटतील. जवळच्या सांध्यांवर ओल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळा.

कांडी आयर्नवर वितळवून थापू नका. आयर्न पितळावर टेकवून धरा आणि कांडी पितळालाच लावा. पितळ पुरेसं तापलं की शिसं कल्हईसारखं पसरतं आणि फटीत ओढलं जातं. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळी होत असेल तर जागा थंड आहे नाहीतर मळकी. पुन्हा घासा. डाग गार होईपर्यंत हलवू नका आणि पाणी ओतून थंड करू नका. धूर तोंडावर घेऊ नका, हात धुतल्याशिवाय तंबाखूही मळू नका. शेवटी लिटरभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून जागा धुवा. राहिलेलं तेजाब पितळ खात बसतं.

नळी जाळीच्या मधोमध फुटली असेल तर गोष्ट वेगळी. पाती बाजूला करून डाग बसला तर ठीक. नाहीतर वरची-खालची टाकी उघडून त्या नळीची दोन्ही तोंडं बुजवा. ४० नळ्यांत दोन बुजल्या तर चालतं, चारच्या पुढे जाऊ नका. नाहीतर ४५ अंशांच्या उन्हात गाडी तापणारच.

हळद टाकून गळती थांबवण्याचा जुना उपाय गावापर्यंत पोचण्यापुरता आहे. ती बारीक नळ्यांतही जाऊन बसते.

बसवण्याआधी पुन्हा पाण्यात बुडवून तपासा. भरताना बोअरचं पाणी टाळा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते नकोच, खार डागच कुरतडतो. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी घ्या आणि कूलंट डब्यावरच्या मापाने मिसळा. कॅप न लावता इंजिन चालवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडला की पातळी खाली जाते, तेवढं भरून कॅप लावा. थर्मोस्टॅट उघडून हवा निघून गेल्यावरही तोंडाशी बुडबुडे येतच राहिले तर रेडिएटर पुन्हा काढू नका, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) तपासा.